रीळ क्रमांक एकोणीस

गुरुवारी संध्याकाळी वेंडेल पावाची गाडी
थेल्माच्या दारात उताराकडे तोंड करून लावायचा,
पुढच्या चाकाला वीट.
डॉक्टरेट क्वांटमची, पगार बेकरीचा.
उरलेले आंबट पाव टेबलावर ओतून म्हणायचा,
चला, आज विश्वाचं काय करायचं?

घर बर्कलीच्या टेकडीवर, निलगिरीच्या वासात.
थेल्मानं सहा वर्षं
झोपलेल्या माणसांच्या पापण्यांची थरथर मोजली होती.
मग अनुदान संपलं,
आणि लोक पुन्हा फुकट झोपू लागले.
इग्नासिओ व्हिएतनामहून आलेला, रडारवरचा.
पडद्यावरचा ठिपका विमान की पक्ष्यांचा थवा
हे ठरवायला त्याला चार सेकंद मिळत.
तो फारसं बोलायचा नाही.
मी विशीतली. माझ्याकडे टेपरेकॉर्डर.

काय काय बोलायचे!
कण की लाट, ते तू काय विचारतोस त्यावर.
दोन कण एकदा भेटले की
इथला शहारला तर तिथलाही शहारतो,
मध्ये ना तार, ना निरोप्या.
मग दोन मनांचं काय? झोपेतल्या मनाचं?
दिसतं तसं नसतं, एवढं तर कुणीही सांगतं.
वेंडेलला त्याच्या पुढचं हवं होतं:
बघेपर्यंत काही नसतंच.
आणि खरं सांगते, रात्री दोन वाजता
त्या खोलीत ते पटायचं.
मी बाथरूममध्ये जाऊन दार लावायची
आणि बाहेरचे सगळे आहेत ना, म्हणून कान द्यायची.

एका गुरुवारी थेल्मानं अर्विला स्टॉडर्डला आणलं.
टेलिफोन एक्स्चेंजमधली, शेहेचाळीस वर्षांची.
तिसऱ्या वर्षी गेलेली नजर
गेल्या ऑक्टोबरात शस्त्रक्रियेनं परत आलेली.
ती सगळ्यांकडे जरा उशिरा बघायची,
आवाजाकडे आधी वळून.

पट्टी सुटली तेव्हा जग कसं आलं? वेंडेलनं विचारलं.

आलं नाही, ती म्हणाली. रंग सांडले होते.
नर्स आणि खिडकी एकमेकींना चिकटलेल्या.
कप समोर होता म्हणे. मला नाही दिसला.
हात लावला, मग हातानं डोळ्यांना सांगितलं,
अरे, हा कप.

वेंडेल उठलाच, तोंडातला घास तसाच.
म्हणजे बघण्याआधी जग नव्हतं! 

अर्विलानं बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत
जुना, गुळगुळीत, गुलाबी डाग.
ही किटली, म्हणाली. मी नऊ वर्षांची.
तिला मी अजून पाहिलेलं नाही.
ती थांबली नाही माझ्यासाठी.

रिळावर इथे अकरा सेकंद काहीच नाही.
खाडीतला धुक्याचा भोंगा, एकदा.
मग इग्नासिओ हसतो. त्याचं हसू
माझ्याकडे तेवढंच आहे.
त्वचासुद्धा मोजतेच की, वेंडेल पुटपुटतो,
पण खिशात किल्ल्या शोधणाऱ्या माणसासारखा.

यापुढचं रिळावर नाही.
मी वायर गुंडाळत होते.
धुकं फाटलं आणि पडवीतून अचानक
खाडीपलीकडचे सगळे दिवे.
अर्विला कठड्याला गच्च धरून उभी.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाली,
हाताला हे कधीच लागलं नसतं.
आणि वेंडेलकडे असं पाहिलं
जणू किटलीबद्दल माफी मागतेय.

मग डोळे मिटून
सोळा पायऱ्या न अडखळता उतरली.
वेंडेल तिच्या मागे, चाचपडत.
त्यानं गाडी सुरू केली, ब्रेक सोडला.
वीट तो विसरला होता.
आम्हा सगळ्यांना वरपर्यंत ऐकू आली.