टेअर

कॅन्टीनमध्ये चहाबरोबर पुस्तिका वाटली.
गुळगुळीत कागद, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी.
आपले नवे मालक: टॅनहिल क्रीक.
क्रीक म्हणजे खाडी,
एवढं मला घणसोलीत जन्मल्यामुळे ठाऊक.

सुरुवात ओहायोत, एकोणीसशे त्र्याऐंशी,
हार्डवेअरच्या दुकानावरची खोली,
दोघे मेहुणे, एक उसना टाइपरायटर.
पहिली खरेदी: शाळेच्या घंटा ओतणारा कारखाना.
पैसे बँकेचे,
आणि कर्ज घंटांच्याच नावावर चढवलेलं.
ही ओळ मी दोनदा वाचली.
म्हणजे म्हैस आणायची उधारीवर
आणि उधारी फेडायची म्हशीनंच.
एकनाथ भोईर म्हणाला, चहा निवतोय.

मग पावांच्या भट्ट्या. गॅरेजची शटरं.
चौदा दंतवैद्य एका पाटीखाली.
एकसष्ट वृद्धाश्रम; त्यांच्या जमिनी आधी विकल्या,
मग म्हाताऱ्यांसाठी त्याच भाड्यानं घेतल्या.
शवपेट्यांचा उद्योग:
'सायकल नसलेला व्यवसाय', असं छापलंय मराठीत.
भाषांतर करणाऱ्याला तेजी-मंदीचं चक्र
कुणी सांगितलं नसावं.
आम्ही मात्र हसलो, दोन दिवस,
पार्किंगमधल्या भोईरच्या सायकलकडे बोट दाखवून.

पान सतरावर आम्ही.
पाठारे वजनकाटे, रबाळे एमआयडीसी.
फोटोत माझं अर्धं कोपर.

तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची गोण चढते तो काटा आमचा,
सोनाराच्या काचेतला आमचा,
बाळंतिणीच्या वॉर्डातलाही.
मी तपासणीच्या खोलीत, बारा वर्षं,
वीस अंशांच्या गारठ्यात, स्वेटर घालून.
वजनांना हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची.
बोटाच्या घामालाही वजन असतं,
आणि तो ग्राहकाच्या खात्यात जातो.

एकदा धाकट्या मेहुण्याचा मुलगा आला पाहणीला,
बुटांवर निळ्या पिशव्या.
हे बटण कशाचं?
टेअर, म्हटलं. रिकामं भांडं ठेवायचं, दाबायचं.
भांडं तिथंच असतं,
पण काटा म्हणतो, शून्य.
त्याला फार आवडलं. दोनदा दाबून पाहिलं.

टक्के मला कळतात.
आमच्याकडे जमीन गेली तेव्हा टक्केच आले,
साडेबारा, तेही फाइलीत.
आजा विचारायचा, टक्क्यात भात लावतान का, पोरी?
प्लॉट हातात आला
तोवर आजा भिंतीवर होता, हार घालून.
पुस्तिकेत दरसाल बावीस लिहिलेत.
कुणाचे, ते खाली बारीक अक्षरात,
आणि ते पान मराठीत नाही.

पहिल्या वर्षी रंग लागला, गेटवर कमान आली.
दुसऱ्या वर्षी कारखान्याखालची जमीन विकली;
आम्ही आमच्याच फरशीवर भाडेकरू.
पाठारेसाहेब सल्लागार झाले,
मग वाढदिवसाच्या केकपुरते झाले.
चौथ्या वर्षी भोईरची सायकल दिसेना.
त्याची जागा 'सुसूत्र' केली म्हणे.
दिवाळीला भेटला, ऐरोलीच्या नाक्यावर,
गळ्यात दुसऱ्याच कंपनीची पट्टी,
रात्रपाळीचा वॉचमन.
खोटं कशाला बोलू, माझा पगार वाढला होता.
मी त्याला सांगितलं नाही.

पाचव्या वर्षी आम्ही विकलो गेलो.
नवे मालकही तिकडचेच, नावात या वेळी डोंगर.
नवी पुस्तिका येणार,
जुन्या परत करा, असा मेल.

खोली बंद करायच्या आधी
मी जुनी पुस्तिका चिमट्यानं उचलून पारड्यात ठेवली.
दोनशे बारा ग्रॅम, चार दशांश.
घंटा, पाव, दात, म्हातारे, माझं कोपर,
सगळं धरून.
बटण दाबलं. शून्य.
पुस्तिका उचलून लिफाफ्यात घातली,
दिवा मालवायला वळले
तर रिकाम्या पारड्यासमोर हिरवे आकडे जळत होते:

उणे दोनशे बारा, चार दशांश.