कुंपणाच्या आत, बाहेर

घणसोली. पंखा तीनवर.
पाठीला घाम, आणि पडद्यावर
उणे एकोणीस अंशांतलं पठार.

एकशे त्र्याऐंशी शोधनिबंध वाचायचेत मला.
प्रश्न एकच, तोच तोच:
चरणारं जनावर येऊन गेलं, तर मागे काय उरलं?

पद्धतही साधी.
बर्फ वितळला की कुणीतरी चौकोन आखतं,
चार खांब, जाळी,
आत रेनडिअरला मज्जाव.
मग वर्षानुवर्षं जायचं आणि मोजायचं
आत किती, बाहेर किती.
एका निबंधात खांबच पडले तिसऱ्या हिवाळ्यात.
लेखकाने ते एका ओळीत उरकलंय.
मी त्या ओळीवर उगाच थांबले.

विलोचं झाड तिथे घोट्याएवढं.
साठ वर्षांचं, आणि घोट्याएवढं.
लेमिंग त्याची साल सोलतात बर्फाखाली, अंधारात,
हंस गवत मुळासकट उपटतात,
आणि रेनडिअर हिवाळाभर
खुरांनी बर्फ उकरून जे खातात
ते दगडफुलाच्या गोतातलं.
दगडफूल!
आईच्या गोड्या मसाल्यात पडतं ते, तेलात परतून.
त्या रात्री मी डबा उघडून हुंगला
आणि तक्त्यात लिहिलं, 'पुरावा सबळ'.
सकाळी खोडलं.

तक्त्यात रकाने तीनच: वाढलं, घटलं, फरक नाही.
तिसरा जवळजवळ रिकामा.
ज्यांत काहीच दिसलं नाही असे उन्हाळे
कुणाच्या खणात पडून आहेत कोण जाणे.
नकाशावर ठिपके टाकले, तर सगळे
दोन-चार छावण्यांना चिकटलेले,
जिथे विमान उतरतं, जिथे कॉफी मिळते.
उरलेलं कोणी चरलं,
ते विचारायला कोणी गेलंच नाही.

संध्याकाळी डोळे चुरचुरले म्हणून खाली उतरले.
गोठिवलीच्या वळणावर सिडकोचा प्लॉट,
नऊ वर्षं जाळीत.
(नावात गोठा आहे, गावात टॉवर.)
आत गवत कमरेएवढं,
बाहेर न्हाव्याने मशीन फिरवावं तसं.
मी उकिडवी बसून वितीने मोजायला लागले.

आधी पदूबाई मढवींच्या बकऱ्या आल्या, सात,
मग पदूबाई.
"काय हरावला गो?"
काही नाही, म्हटलं. गवत बघतेय.
आत कसं छान वाढलंय.
तिने जाळीतून हात घालून एक काडी ओढली.
मोडली. कट्टकन वाजली.
"जून झायलाय तो.
बकरी तोंड पन नाय लावत."
आणि बाहेरच्या तासलेल्या हिरव्याकडे
हनुवटीनेच दाखवून
ती पुढे गेली, टॉवरच्या सावलीतून,
बकऱ्यांना शिव्या घालत.

वर येऊन चौथा रकाना आखला.
त्याला अजून नाव सुचत नाही.
पंखा तीनवर.
म्हणजे आता एकशे त्र्याऐंशी
पुन्हा पहिल्यापासून.