दुसरी खेप

आमची नाव म्हणजे गुळाची काहील.
भंडारकवठ्याच्या खालचं गुऱ्हाळ मोडलं
तेव्हा अप्पांनी ती आठशे रुपयांना उचलली,
बुडाला डांबर फासलं
आणि गूळ ढवळायचा फावडाच वल्हं म्हणून हातात घेतला.
पहिली दोन-तीन वर्षं
काठावरच्या मुंग्याही आमच्यासोबत भीमा ओलांडायच्या.

काहिलीला पुढचं-मागचं नसतं.
एकाच अंगानं पाणी मारलं की गर्रकन फिरते.
"डावीकडं एक, उजवीकडं एक,
भाकरी थापतात तसं," चन्नव्वा आत्या सांगायची
आणि स्वतः डोळे गच्च मिटून बसायची.

पलीकडे करंजाखाली काळा सपाट खडक.
त्याला आम्ही माडी म्हणतो,
कारण घराला माडी नाही.
वर दरड, दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी,
पाण्यातून आलात तरच पोचाल.
खडकात एक खळगा आहे, नेमका तांब्याएवढा,
त्यात ताक दुपारपर्यंत गार राहतं.
येळवशीच्या दुसऱ्या दिवशी
उरलेली भज्जी, कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन निघायचं.
नदीच्या मध्यावर खिशातला फोन वाजायचा:
कर्नाटकात आपलं स्वागत आहे.
"बंद्वी, बंद्वी," अप्पा त्याला उत्तर द्यायचे,
"आलो रे बाबा."

काहिलीत चौघं मावतात.
पाचवं चढलं की पाणी कडेशी बोलायला लागतं.
म्हणून दोन खेपा.
वल्हवायला दोन्ही वेळा अप्पाच.
पहिलीला पोरं आणि डबे,
दुसरीला आई, आत्या
आणि ज्यानं भांडण काढलं तो.
बसवराज कायम दुसरीला.

यंदा अप्पा नाहीत.
आत्याचे गुडघे गेले, ती विजापुरात लेकाकडे.
बसवराजला पुण्याच्या कारखान्यातून सुट्टी नाही.
बाबा, गौराक्का, मी, आई.
बाबांनी मोजलं.
मग परत मोजलं,
कुणी घरीच राहिलंय का बघितल्यासारखं.

आम्ही तिघं बसलो.
आई काठावरच, पदर खोचून,
आंबिलीची बिंदगी कमरेवर.
"अगं ये की, मावतोय सगळे."
"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली,
"मी दुसऱ्या खेपेला."

बाबा काही बोलले नाहीत.
फावडा माझ्याकडे दिला.

त्या दोघांना माडीवर उतरवून
मी एकटाच माघारी निघालो.
रिकामी काहील जास्त फिरते
हे मला ठाऊक नव्हतं.
कधी आई समोर, कधी माडी,
कधी नुसतं पाणी आणि उन्हानं तापलेल्या पत्र्याला
अजून येणारा गुळाचा वास.
फोन म्हणाला, महाराष्ट्रात स्वागत,
लगेच म्हणाला, कर्नाटकात,
त्यालाही कळेना मी कुठे निघालोय.

डावीकडं एक.
उजवीकडं एक.
आई काठावरून ओरडून काहीतरी सांगत होती.
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही,
फावडा कसा धरायचा, त्याबद्दल असावं.