पसंतीक्रम

शहाद्याच्या स्टँडसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
निकाल लागले की भजीवाल्यापेक्षा माझ्याकडे गर्दी.
बारा वर्षं लोकांच्या पोरांची कॉलेजं
माझ्या या बोटाखालून गेली,
म्हणून बोलते. फॉर्मचे पन्नास, बोलण्याचे काही नाहीत.

आधी ते बायपासवरचं होर्डिंग विसरा.
त्यातला चष्मेवाला पोरगा मी ओळखते,
त्याचा फॉर्म मीच भरला होता.
तो तीन संस्थांच्या फलकांवर हसतो
आणि शिकतो चौथ्याच ठिकाणी.

कॉलेज बघायला जा, पण कळवून जाऊ नका.
मंगळवारी जा, दुपारी अडीचला,
जेवणानंतर वर्गात कुणी शिकवतं का ते बघायला.
ऑफिसात चहा मिळेल, तो पिऊन घ्या,
मग खाली येऊन शिपायाला विचारा
प्रयोगशाळेची चावी कुणाकडे असते.
त्याला आठवावं लागलं, तर काय ते समजा.
लायब्ररीतलं एखादं जाड पुस्तक काढून
मागच्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख वाचा.
होस्टेलचा नळ सोडून बघा.
लाजता कशाला?
सारंगखेड्याला घोडा घेताना दात बघतोच ना आपण.

फी विचारता, बरं करता.
पण खोलीचं भाडं, मेस, दिवाळीचं तिकीट,
रात्री ताप आला तर दवाखान्यापर्यंतची रिक्षा,
हीपण फीच,
तिची पावती तेवढी मिळत नाही.

काल मंदाण्याचे हिलाल आप्पा आले.
पोरगा खुर्चीत, आप्पा त्याच्या मागे उभे.
"साडूच्या पोऱ्याचं जे, तेच पहिल्या नंबरला टाक, ताई."
मी पोराला विचारलं, "तुले काय व्हवानं शे रे?"
त्याने बापाकडे बघितलं.
मी म्हटलं, लाइट गेली, उद्या या.
लाइट होती.
पंखा तिघांच्या डोक्यावर फिरत होता.

माझा फॉर्म माझ्या भावाने भरला होता.
एकच कॉलेज, कारण साडेपाचची एसटी.
वाईट नव्हतं म्हणा काही.
फक्त तिथे भूगोल नव्हता
आणि मला भूगोल हवा होता.

आणि आज, शेवटच्या दिवशी, सर्व्हर रांगत असताना
धडगावकडून सायसिंग पावरा आले, लेकीला घेऊन.
रविता. नर्सिंग. टक्के चांगले.
वहीत आठ कॉलेजं लिहून आणलेली,
खोडलेली, बाण काढलेली, पुन्हा खोडलेली.
बाप बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "तिथं हिला कुणी रागावलं,
तर ही कुणाकडं जाईल?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
प्लेसमेंट विचारतात, पॅकेज विचारतात,
एकाने तर पार्किंग विचारलं होतं.
मला उत्तर माहीत नव्हतं.
रविताने वहीच्या मागच्या पानावरून एक नंबर काढला,
तिच्याच पाड्यावरची, दोन वर्षं पुढे असलेली कुणी,
आणि बाहेर उसाच्या रसवंतीपाशी उभी राहून
पावरीत बोलत राहिली.
आत आली तेव्हा
तिसरं कॉलेज तिने पहिल्यावर घेतलं.
कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
बापानेही नाही.

ओटीपी त्यांच्या फोनवर आला.
त्यांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले
आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला,
बाजारात नोटा मोजून देतात तसा.
पाच झाले.
सहाव्याआधी थांबून लेकीकडे बघितलं.
ती बटणावर बोट टेकवून बसली होती.

"सात," ते म्हणाले.