दोन पिना

फ्लोरेन्सिओ मास्तरांनी डबा पोंचोत गुंडाळून आणला,
माझ्या टेबलावर ठेवला
आणि टोपी काढली.
म्हटलं, घाला मास्तर, गारठा आहे,
आणि टोपी इतक्यात काढायची नसते.

"बटण दाबतो. काहीच नाही.
दिवा नाही, पंखा नाही, साधी कुरकुर नाही."
आत काय आहे, विचारलं.
कार्निव्हलची नवी मोरेनादा. चौसष्ट वादक.
ट्रम्पेट लिहून झालेत, ट्यूबा अर्धे,
झांजा अजून डोक्यातच.
दुसरीकडे कुठे कॉपी?
मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.
असं विचारल्यावर सगळे तिकडेच बघतात.
बाहेर ओरुरोचा वारा, पत्रे वाजवणारा.

आधी वायर बदलली. मग भिंतीतला प्लग,
त्यात टेबललॅम्प लावून बघितला.
लागला.
लोक हसतात, पण माझं अर्धं पोट
नीट न खोचलेल्या वायरींवर चालतं.

मग चार स्क्रू, आणि झाकण.
आत खाणीच्या टेकडीची धूळ,
राखाडी, मैद्यासारखी, अकरा वर्षांची.
ब्रश फिरवला, मग फुंकर.
पावणेचार हजार मीटरवर
फुंकरसुद्धा जपून वापरावी लागते.
रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरानं पुसल्या,
टक् होईपर्यंत दाबून बसवल्या.
हे मी नेहमीच करते. उपयोग झाला तर विद्या,
नाही तर साफसफाई.

बटण दाबलं.
काहीच नाही.

पॉवर सप्लाय सुटा केला,
हिरव्या वायरीला काळी, मध्ये वाकवलेली पेपरक्लिप:
पंखा घुमला.
मास्तरांनी मान तिरकी केली.
"सूर उतरलाय थोडा."
"अकरा वर्षं एकच सूर धरून बघा," म्हटलं.

परत जोडलं तेव्हा मदरबोर्डच्या कोपऱ्यात
तांदळाएवढा हिरवा दिवा दिसला.
काल रात्रीही लागलेला असणार,
परवाही, धुळीखाली.
म्हणजे वीज येते. म्हणजे जागं आहे.
मग बटणाच्या त्या दोन बारीक वायरी, ज्यांच्याकडे
मी बघितलंही नव्हतं, त्या ओढून काढल्या.
मागे दोन पिना, उघड्या, शेजारी शेजारी.
स्क्रूड्रायव्हरचं टोक दोघींना एकदम टेकवलं,
पापणी लवेल इतकंच.

पंखे.
डिस्कची घरघर.
जरा काहीच नाही.
मग एक बीप.

मास्तर खुर्चीत बसले. टोपी हातातच.
"मशीन धडधाकट आहे," मी म्हटलं,
"तुमची हाक पोचत नव्हती."

बटण खोललं तर स्प्रिंग गेलेली,
प्लास्टिक एका बाजूनं झिजलेलं.
दाबता कसं, विचारलं.
त्यांनी हवेत दाखवलं: तर्जनी वाकवून, वरून, झटक्यात.
ट्रम्पेटची पहिली कळ.
चाळीस वर्षांची सवय, तिच्यापुढे
चिनी बटणाचं काय चालणार.

तसं बटण इथे मिळत नाही, ला पासहून यायला आठवडा.
फळीवर मात्र दारावरच्या बेलची बटणं होती,
पितळी, गोल,
बंद पडलेल्या हॉटेलातून किलोच्या भावानं घेतलेली.
त्यातलं एक बसवलं. दोनच तर वायरी.
"हे अंगठ्यानं दाबायचं. सावकाश.
कुणाच्या तरी दाराशी उभे आहात असं समजा."

सगळ्यात आधी पेन ड्राइव्ह, त्याचे पैसे वेगळे;
मोरेनादा दोनदा उतरवली.
मास्तरांनी बेल दाबली, बंद केलं, पुन्हा दाबली.
तिसऱ्यांदा मी हात धरला.

चाळीस बोलिव्हियानो मोजले, टोपी घातली,
डबा पोंचोत घेतला
आणि दारात वळून विचारलं,
ती बीप यायच्या आधी
किती मात्रा गेल्या?
मी मोजल्या नव्हत्या.
"साडेतीन," म्हणाले,
"झांजांना तिथेच थांबवतो."