वरची फट

ऑक्टोबरात सुरुवात केली, म्हणजे उशीरच.
सुपीरियर सरोवरावरून निघालेला वारा
डुलुथची चढण चढताना कुठे दम खात नाही,
थेट आमच्या परसात येऊन बसतो.

चार खांब, विटांवर टेकवलेले.
पहिला तिरका गेला. तसाच ठेवला
आणि बाकीचे त्याच्या मताने लावले.
मनवा म्हणाली, बाबा,
हे खुराडं वाकून कुणाला तरी नमस्कार करतंय.

जाळी अर्ध्या इंचाची, कारण रकूनला हात असतात.
जमिनीत वीतभर पुरून बाहेरच्या अंगाला वळवली,
कारण कोल्ह्याला धीर असतो.
कडीवर कडी.
दाराला उंबरठा, लाकडाचा कीस सांडू नये म्हणून.
उंबरठा म्हटल्यावर मनवानं खडूची रांगोळी काढली.
एक रात्र टिकली.

मग फटी.
दार लावून मी आत उकिडवा बसायचो,
बाहेरून ती टॉर्च फिरवायची,
उजेड जिथून शिरेल तिथे
लांबी, डांबरी पट्टी, जुन्या रजईचा कापूस.
शेवटी माझाच हात मला दिसेना.
म्हटलं, आता येऊ दे जानेवारीला.

आला. उणे बावीस.
सकाळी दार उघडलं तर भिंती आतून पांढऱ्या,
खिळ्यांच्या टोकांवर बर्फाचे मणी.
सुंठ आणि मिसेस पीटरसन गप्प.
जायफळच्या तुऱ्याची टोकं काळी,
कुणी विडी विझवावी तशी.

कुंपणापलीकडचे लिंडक्विस्ट आले,
खनिजाच्या धक्क्यावर जन्म काढलेला माणूस.
भिंतीला तळवा लावला. नाक आत घातलं.
थंडी नाही, म्हणाले, ओल.
पिसांचा कोट आहे त्यांना, थंडीचं काही नाही.
पण या श्वास घेतात, माहीत आहे ना तुला?

मला?
इस्पितळात रात्रपाळीला
मी दुसऱ्यांचे श्वास मोजतो.
त्याचाच पगार मिळतो मला.

करवत त्यांचीच.
छपराखाली, दांडीच्या वर हातभर,
जिथे तीनदा लांबी भरली होती नेमकं तिथेच
दोन्ही अंगांना फळी कापली, वर जाळी ठोकली.
कापताना जिवावर आलं, खोटं का बोलू.
भुसा खाली पडत होता
आणि मनवा कोरडेपणानं म्हणाली,
आधीच विचारलं असतंत तर.

संध्याकाळी तिघी दांडीवर चढल्या,
पंजे पिसांखाली घेऊन, एकीला एक चिकटून.
जायफळच्या तुऱ्याला व्हॅसलीन लावलं.
त्याबद्दल तिनं मला टोचलं.

कामाला निघालो. गाडी तापायची वाट बघत
हात मांड्यांखाली घेऊन बसलो होतो,
तेव्हा लिंडक्विस्टांच्या ओसरीच्या दिव्यात दिसली
छपराखालून निघणारी वाफ.
अगदी बारीक. तिघींची मिळून एक.

समोरची काच माझ्याच श्वासानं पांढरी झालेली.
खिडकी बोटभर खाली केली
आणि निघालो.