बिलाच्या पाठीमागं

मानवतला, मोंढ्यामागच्या बोळीत
वाजेदभाईचं ऑनलाइन सेंटर होतं.
पाटीवर : पीकविमा, सातबारा, हॉलतिकीट, झेरॉक्स.
खरं जे चालायचं, ते पाटीवर नव्हतं.

मी तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायला गेले
तर सर्व्हर बंद.
"बसा ताई," म्हणाला, "सरकार उठेपर्यंत जग बघा."
आणि एका बिलाच्या पाठीमागं
हिरव्या रिफिलनं पत्ता लिहून दिला.

त्या पत्त्यावर एक सिनेमा होता, नट नसलेला.
नुसत्या कुणाकुणाच्या खिडक्या,
एकेक मिनिट एकेक खिडकी :
कुठं बर्फ, कुठं वाळत घातलेले मोजे,
कुठं एक म्हातारा, कांदा चिरणारा.
अर्धा तास पाहिलं. काहीच झालं नाही.
घरी जाताना मात्र कासार गल्लीतली खिडकीन् खिडकी
मला थांबवू लागली.
आई म्हणाली, काहून उशीर?
सर्व्हर, म्हटलं.

मग मी सर्व्हर बंद असेल त्याच दिवशी जाऊ लागले.

माणूस बघून पत्ता द्यायचा तो,
हकीम नाडी बघून पुडी बांधतो तसा.
बारावीत गेलेल्या गजाननला दिला एक खेळ
ज्यात जिंकताच येत नाही.
अंधाऱ्या बेटावर कंदील लावत जायचं,
विझला की परत लावायचा.
"ह्यात मार्क किती?"
"नाहीत, म्हणून तर तुला दिला."
काबरा शेठला दिला असला रेडिओ
की पृथ्वी बोटानं फिरवायची, थांबेल तिथलं ऐकायचं.
कुठल्याशा बंदरावर थांबली. भाषा कळेना.
शेठनं डोळे मिटले, म्हणाले,
"भाव सांगायलाय बगा. आज पडलेत."
आणि सरकारी दवाखान्यातल्या प्रमिला सिस्टरला,
नाइट ड्यूटीसाठी, एक पान
जिथं की-बोर्डाची एकेक कळ म्हणजे एकेक बेडूक.
तिनं स्वतःचं नाव टाइप केलं,
अख्खं डबकं तिला हाका मारू लागलं.

एकदा मला आवाजांचा नकाशा दाखवला.
ठिपक्यावर बोट ठेवलं की वाजायचा :
बोटीचा भोंगा, कुठल्या शाळेची मधली सुट्टी, वाळूवरची हवा.
मुंबईवर ठिपके, हैदराबादवर ठिपके,
मधे नुसता खाकी रंग.
"बघा," म्हणाला, "आपण मुके."

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं.
पहाटे चारला हा मोबाइल धरून कंपाउंडबाहेर उभा,
नाकातोंडात कापूस.
रेच्यांची घरघर, प्रेसचा धप्प,
मधेच एक हमाल खोकतो,
एक बाई म्हणते, "हळू ओत की गं, अंगावर येऊलालंय."
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
खाकीवर पहिला ठिपका.

तलाठी मी झाले नाही, ते असो.
सेंटरच्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान,
वाजेदभाई लेकीकडं नांदेडला.
बिलं माझ्याकडं, बांगड्यांच्या डब्यात.
तेवीस पत्त्यांतले एकोणीस मेले.
खिडक्या मिटल्या, बेडकं गेली,
कंदिलांच्या बेटावर कुणी तरी बुटांची जाहिरात लावलीय.
उरलेले चार तुला लिहून देते, मुक्ते,
हिरवी रिफिल मिळाली नाही, निळ्यानंच.
अंगठ्याला जरा सुट्टी दे आणि बस.

नकाशा अजून आहे.
ठिपक्याखाली आकडा असतो, आत्ता किती जण ऐकतायत त्याचा.
मी उघडला की एक.
शुक्रवारी रात्री कधी कधी दोन. ते वाजेदभाई, मला माहिताय.
परवा तीन होते.
लगेच फोन लावला : अजून कुणाला दिलात का हो पत्ता?
"नै ओ ताई. तुम्ही?"
मी पण नाही.
मग आम्ही दोघं फोन कानाला लावून गप्प.
हमाल खोकला.
आकडा तीनच राहिला.